वाई ते पोलादपूर, सायकलवरून

वाई ते पोलादपूर हा सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता कृष्णाकाठी सुरू होतो, पसरणी घाट चढून पाचगणीला जातो, महाबळेश्वरला माथा गाठतो आणि आंबेनळी घाटाने रायगड जिल्ह्यात उतरतो. मोटारीने तो स्ट्रॉबेरी-क्रीमच्या थांब्यांसकट अर्ध्या दिवसात उरकतो. सायकलने दोन दिवस धरावेत. पैकी पहिला चढण्यात जातो आणि दुसरा, पहिल्या दिवशी काय झाले ते पायांना समजावण्यात. १६५९ साली अफझलखान वाईच्या तळावरून निघून रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या खोऱ्यात गेला, तोही याच मुलखातून. त्याच्या फौजेबरोबर हत्ती, उंट, तोफा, तंबू असा मोठा लवाजमा होता. या डोंगरांत फार सामान घेऊन येणाऱ्याचे काय होते, याची नोंद इतिहासाने तेव्हाच करून ठेवली आहे. सायकलस्वार ती निघण्यापूर्वी वाचत नाहीत.

त्यांच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकतात. जास्तीची ट्यूब, पंप, पंक्चरच्या पट्ट्या आणि सोल्युशन एवढ्यावर खरे तर भागते. पण त्यात विंडचीटर येतो, त्याखाली घालायचा स्वेटर येतो, मोबाइल चार्ज करायचे यंत्र आणि ते यंत्र चार्ज करायचे दुसरे यंत्र येते. निघताना दारातच घरचे माणूस बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा हातात देते. लाडू अर्धा किलो, डबा पाऊण किलो. लाडू वाटेत संपतात. डबा परत आणावाच लागतो, आणि तोही झाकणासकट.

वाईत थांबण्याचे पहिले ठिकाण म्हणजे ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, म्हणजे कृष्णेच्या पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फाटते. समोरच्या प्रवाहाला कमीत कमी अंग दाखवावे, हे तत्त्व हल्ली महागड्या हेल्मेटच्या जाहिरातीत छापलेले असते. इथे ते आतल्या मूर्तीच्या आकारमानाशी तडजोड न करता साधले आहे. वाई हे मराठी विश्वकोशाचेही गाव. सर्व विषयांचे ज्ञान जिथे खंडाखंडांत बांधले गेले, तिथे पसरणी घाट किती चढाचा आहे असे विचारल्यास उत्तर मिळते, ‘एष्टीनं अर्धा तास.’

गावापासून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. साडेतीन शहाण्यांतले अर्धे गणले गेलेले नाना फडणवीस यांचा वाडा तिथे नदीकाठी उभा आहे. वाड्यामागच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मरियम स्पष्ट दिसते. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक. एवढे धूड वसईहून समुद्र सोडून, सह्याद्री चढवून मेणवलीला आणणाऱ्यांनी वाटेत कितीदा टेकले असेल याचा विचार लाडवांचा डबा आणणाऱ्याने तिच्याखाली उभे राहून जरूर करावा. वाड्यात हिंदी चित्रपटांची चित्रीकरणे झाली आहेत. दाखवणारा माणूस नानांवर दोन वाक्ये बोलून तिकडेच वळतो. १७९६ मध्ये पुण्यातल्या कारस्थानांपासून जीव वाचवत नाना वाईहून कोकणात महाडला उतरले. जाताना प्रतापगडावर शिबंदी ठेवायला ते विसरले नाहीत. अर्ध्या शहाण्याने ही एवढी तजवीज केली होती, म्हणून पूर्ण शहाण्यांनी निदान ब्रेक तपासून निघावे.

पसरणी हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव. त्याच्या अंगावरून जाणारा घाट सुमारे बारा किलोमीटरमध्ये सहाशे मीटर उंची चढतो, म्हणजे साधारण २० मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. कागदावर हे फारसे वाटत नाही. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला शरीर ढोबळमानाने सहाशे कॅलरी खर्च करते. गाडीवरच्या एका वडापावात सुमारे तीनशे असतात. अर्थात पसरणी घाटाची शास्त्रशुद्ध किंमत दोन वडापाव. बहुतेक सायकलस्वार ती पायथ्याशीच आगाऊ भरतात, मध्यावर पुन्हा भरतात आणि पाचगणीला पोचल्यावर ‘आज कॅलरी जळाल्या’ म्हणून तिसऱ्यांदा भरतात. घाट चढून वजन वाढल्याची जी उदाहरणे आढळतात, त्यांचे कारण हे आहे.

घाटात वेग ताशी सात-आठ किलोमीटर राहतो. पाचच्या खाली गेला की सायकल डुगडुगू लागते आणि स्वार खाली उतरतो. उतरण्याचे कारण नेहमी फोटो हेच सांगितले जाते. कठड्याशी उभे राहिले की खाली धोमचा जलाशय आणि वाईची शेते दिसतात, आणि वरच्या दगडावरून माकड दिसते. ते आधी पिशवीकडे बघत नाही, मालकाकडे बघते. त्याला धाप लागली आहे, तो धावणार नाही, याची खात्री करून घेते. मग सावकाश येऊन हँडलच्या पिशवीतून केळ्यांचा घड काढते, हातभर अंतरावर कठड्यावर बसते आणि एकेक केळे नीट सोलून खाते. सोबतची एनर्जी-बारची वेष्टने ते हुंगून टाकून देते, यावरून त्या पदार्थाबद्दल खरे मत बनवता येते.

घाटातल्या माणसांकडून मदत भरपूर मिळते, माहिती जपून घ्यावी. ‘ह्या वळणाम्होरं सपाटच हाय’ हे वाक्य पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत ऐकू येते. ते खोटे नसते. सांगणारा त्या रस्त्याने रोज मोटारसायकलवरून जातो आणि चढ ही गोष्ट त्याच्या अनुभवात गिअर बदलण्यापुरतीच असते. गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्याला विचारावे. तो पायी हिंडतो. ‘लई हाय अजून, पाव्हणं, बसा जरा’ असे म्हणतो, आणि हा अंदाज अचूक निघतो.

माहिती विचारलीही जाते. ‘एष्टी चुकली काय?’ आणि ‘पेट्रोल परवडंना व्हय?’ या चौकश्या काळजीपोटी असतात. खरी परीक्षा पुढे असते: ‘केवढ्याला पडली?’ खरा आकडा सांगितला तर टपरीवर शांतता पसरते आणि कुणीतरी हळहळून म्हणते, ‘एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती की!’ त्यामुळे वाईत चाळीस हजारांची असलेली सायकल पाचगणीला पंधरा हजारांवर येते, महाबळेश्वरला ‘सेकंडहँड घेतली’ होते आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी ती मित्राची असते. गादी लावलेल्या तंग चड्डीबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. पोरे नुसती बघतात, आणि बाया पदर तोंडाला लावतात.

पाचगणीच्या पुढे रस्ता वरखाली होत राहतो. डावीकडे फाटा फुटतो तो भिलारचा. २०१७ च्या मे महिन्यात हे पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले. घराघरांत, देवळात, शाळेत कपाटे भरून मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि ती फुकट वाचता येतात. मांडीवर जाड कादंबरी उघडून तासभर न हललेला माणूस इथे रसिक समजला जातो, दमलेला नाही. सायकलस्वारांनी हे गाव चुकवू नये. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत चप्पल, चणे आणि जॅम याखेरीज पाहण्यासारखे थोडे आहे. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणाऱ्या पाण्यावर मोटारवाले तीर्थ म्हणून हात ओले करतात, सायकलवाले बाटल्या भरतात.

आंबेनळी घाट इथून सुटतो आणि सुमारे ४० किलोमीटरमध्ये कोकणात नेतो. पावसाळ्यात दरडी कोसळून तो वरचेवर बंद पडतो, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उतार म्हणजे आराम, ही समजूत पहिल्या दहा मिनिटांत जाते: पायांचे सर्व काम आता बोटांकडे येते. ब्रेक सलग दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते; पुढचा-मागचा आलटून पालटून दाबावा आणि मधूनमधून थांबावे. नागमोडी वळणावर समोरून एसटी आली तर तिला सगळा रस्ता लागतो, आणि ती तो आधी हॉर्न देऊन घेते. अशा वेळी वाहतुकीच्या नियमांपेक्षा डोंगराकडचे गटार जास्त उपयोगी पडते.

वाटेत प्रतापगडाचा फाटा आहे. १६५६ च्या सुमारास बांधलेल्या या किल्ल्यावर उतारातून मिळवलेली सगळी पुण्याई परत चढून द्यावी लागते, आणि वर वाहनतळापासून पायऱ्या आहेत. सायकल झुणका-भाकरीवाल्या मावशींच्या ताब्यात देऊन जावे. ती त्या चोख राखतात, मात्र जेवण तिथेच करायचे, हे ठरलेले असते. गडाखाली पार गावात शिवकालीन दगडी पूल कोयनेवर अजून उभा असून त्यावरून आजही माणसे आणि गाड्या जातात. मोटारवाले तो क्वचितच पाहतात, कारण फाट्यावर पाटी वाचण्याइतका त्यांचा वेग कमी नसतो.

पोलादपूरला पोचेपर्यंत स्वेटर, विंडचीटर आणि कानटोपी क्रमाने अंगावरून पिशवीत गेलेली असतात आणि घाम सुटलेला असतो. परतीचे मार्ग तीन. आंबेनळी पुन्हा चढणे हा पहिला. तो फक्त नकाशावर आहे. दुसरा महाडवरून वरंध घाटाने भोरला निघतो, आणि देखणा असला तरी तोही घाटच. तिसरा स्टँडबाहेर उभा असलेला टेम्पो. त्याचा चालक माणशी भाडे सांगतो आणि सायकलचे वेगळे. घासाघीस करताना सायकल मित्राची असल्याचे सांगून बघावे. तो तिच्या गिअरकडे एकदा बघतो आणि भाडे शंभराने वाढवतो.