परदेशी राहणीमान
गिरगावातल्या चाळी पडल्या म्हणून हळहळणाऱ्यांनी लंडन गाठावे. तिथे ती संस्कृती निष्ठेने जपली आहे. वेम्बलीत एका घरात पाच भाडेकरू, संडास एक, आणि सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून रांग. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा स्वतंत्र कप्पा, दुधाच्या बाटलीवर मार्करने नाव. डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो, त्यामुळे खिडकी भिंतीकडे उघडते याचेही दुःख अर्ध्या दिवसापुरतेच. फोडणी पडली की स्मोक अलार्म कोकलतो. आमटी झाल्याची वर्दी घरभर जाते. एवढी सोय तर चाळीतही नव्हती.

डोंबिवलीच्या टू बीएचकेतून आईने फोनवर म्हटले, “व्हिडिओ लाव बघू, तुझी खोली पाहू दे.”

“तासाभराने लावतो,” म्हणत चिरंजीवांनी कोट चढवला आणि टॉवर ब्रिजकडे जाणारी ट्यूब पकडली.