आठव्या पिढीच्या रेघेस खुले पत्र

रेघे,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तुला तो लिहीत नाही. आधी जाब दे, नमस्काराचं पुढे पाहू.

तुला सगळे वापरतात, पण नावाने फार थोडे ओळखतात, म्हणून आधी तुझी ओळख. २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर झालं आणि त्याच्यासोबत तू आलीस. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० किंवा नंतरचा. त्याआधीचं जवळजवळ सगळं बाद. बाकी अटीही होत्या: टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. पण रॅम आमच्या नागपूरच्या बर्डीवर विकत मिळते. एसएसडी मिळते. सिक्युअर बूट बायोसमध्ये शिरून चालू करता येतं. तुझ्यावर तेवढा इलाज नाही. प्रोसेसरची पिढी बदलायची म्हणजे मदरबोर्ड बदलायचा, त्याच्याबरोबर बहुतेकदा जुनी रॅमही जाते, आणि शेवटी जुन्या यंत्राचं डबडं तेवढं उरतं.

आठव्या पिढीचे पहिले प्रोसेसर ऑगस्ट २०१७ मध्ये आले. म्हणजे चार वर्षांपूर्वी कोरं करकरीत घेतलेलं यंत्रही तू जाहीर झालीस त्या दिवशी नापास झालं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने कितीतरी वर्षं आठवीपर्यंतच्या एकाही पोराला नापास केलं नाही. तू सातवीपर्यंतच्या सगळ्यांना एका फटक्यात नापास केलंस, आणि पेपर तपासून दाखवायलाही तयार नाहीस.

१४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १० चा मोफत आधार संपला. तेव्हापासून नागपुरात संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न ऐकावा लागतो: अकरा टाकू की दहाच राहू देऊ? विचारणारी माणसं कोण आहेत हे तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेले चौथ्या, सहाव्या पिढीचे डेस्कटॉप सेकंडहँड घेऊन इंजिनिअरिंगचा अभ्यास करणारी पोरं. महालात लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं जुळवणारे डीटीपीवाले, ज्यांची जुन्या फॉन्टमधली सगळी कामं एकाच यंत्रावर साठलेली आहेत. जीसीसी-टीबीसीच्या परीक्षेसाठी पोरींना मराठी टायपिंग शिकवणाऱ्या इन्स्टिट्यूट, जिथे एका खोलीत दहा-बारा जुनी यंत्रं मे महिन्याच्या उकाड्यातही कूलरसमोर चालू असतात. पेन्शनचं काम आणि अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी संगणक ठेवणारे निवृत्त मास्तर. यांच्यापैकी कुणाचंही यंत्र बिघडलेलं नाही. चालतं, छापतं, टाइप करतं. माझ्या टेबलावरचं सहाव्या पिढीचं यंत्रही तसंच आहे. आठ जीबी रॅम, नंतर टाकलेली एसएसडी, फर्मवेअरमध्येच असलेलं टीपीएम २.०. विंडोज ११ ची बाकी एकूण एक अट ते पुरी करतं. अपवाद फक्त तुझा.

तुझे वकील म्हणतील, सुरक्षेसाठी हे करावं लागलं. सुरक्षा हा थट्टेचा विषय नाही आणि मी तिची थट्टा करणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं तेव्हा इंग्लंडमधल्या रुग्णालयांचं काम ठप्प झालं आणि महाराष्ट्र पोलिसांच्या काही संगणकांनाही झळ पोहोचल्याच्या बातम्या आल्या. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा पॅच मार्च २०१७ मध्येच निघाला होता. ज्यांवर तो लावला नव्हता ती यंत्रं सापडली. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं, एटीएममधली जुनी सिस्टीम टप्प्याटप्प्याने बदला. तेव्हा पॅच बंद झालेलं विंडोज १० इंटरनेटला जोडून त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका, हे मी ज्याला-त्याला सांगतो. माझं भांडण वेगळं आहे. सुरक्षेचं नाव घेऊन तू जिथे उभी राहिलीस ती जागाच चुकीची आहे.

विंडोज ११ ज्या सुरक्षेची बढाई मारतं तिचा एक मोठा भाग म्हणजे मेमरीच्या ज्या पानांवर कर्नलचा कोड चालतो त्यांची वेगळी राखण. ही राखण यंत्र मंद न होता करायची तर प्रोसेसरमध्ये एक सोय लागते. इंटेलमध्ये तिला एमबीईसी म्हणतात आणि ती सातव्या पिढीपासून आहे. एएमडीमध्ये तिचं नाव जीएमईटी, आणि ती झेन २ या पिढीपासून आहे. आता तू काय केलंस पाहा. सोय असलेली इंटेलची सातवी पिढी बाहेर ठेवलीस. सोय नसलेले, त्याआधीच्या झेन प्लसचे रायझन २००० आत घेतलेस. सुरक्षेच्या मोजपट्टीने आखलेली रेघ अशी तिरपी जात नाही.

दुसरं कारण विश्वासार्हतेचं दिलं गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की चाचणीत अपात्र यंत्रांवर कर्नल मोडमधले क्रॅश ५२ टक्के जास्त झाले आणि पात्र यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशविना होता. दोन्ही आकडे एकाच मापाचे असतील तर हिशेब सोपा आहे. पात्र यंत्रांच्या हजारातल्या दोनाच्या जागी अपात्र यंत्रांत हजारात तीन. आणि या अपात्रांत दुसऱ्या पिढीचं दहा वर्षांचं थकलेलं यंत्रही आलं आणि सातव्या पिढीचं तरुणही. पिढीनिहाय आकडे मांडले असते तर सातवी पिढी कुठे बसते ते जगाने पाहिलं असतं. ते मांडले गेले नाहीत.

त्याच ऑगस्टमध्ये तुझ्या यादीत सातव्या पिढीतले मोजके प्रोसेसर आत घेतले गेले. त्यातला एक कोअर आय७-७८२०एचक्यू, तोही ठराविक यंत्रांपुरता. हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता, आणि ते यंत्र त्या वेळी विकलं जात होतं. घरच्या पोराला पास करायला तुला सातवीही चालली. मग इतवारीतल्या व्यापाऱ्याच्या सातवीने काय घोडं मारलं होतं?

पैशाचं आता. पॅच लिहिणं बंद झालेलं नाही, हे नागपुरात फार कमी लोकांना माहीत आहे. कंपन्यांनी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट मोजले तर त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत विंडोज १० चे सुरक्षा पॅच मिळत राहणार आहेत. म्हणजे माणसं बसून ते लिहिणारच आहेत. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा एक वर्षाचा वाढीव आधार जाहीर झाला. युरोपच्या आर्थिक क्षेत्रातल्या लोकांना तो मोफत मिळाला, कारण तिथल्या ग्राहक संघटना भांडल्या. आपल्याला पर्याय दिले ते असे: मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर द्या, नाहीतर त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, नाहीतर ३० डॉलर भरा. पॅच एकच, भोक एकच, आणि ते बुजवायची अट मात्र पॅरिसला वेगळी आणि पारडीला वेगळी. मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. आपल्याकडे ग्राहक पंचायत आहे, ग्राहक आयोग आहे. या एका मुद्द्यावर आवाज उठायला हवा होता.

आणि टाकलेली यंत्रं जातात कुठे? कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज बांधला होता की विंडोज १० चा आधार संपल्यामुळे जगभरातले २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. नागपूरचा वाटा कबाड्याच्या गाडीवर चढेल. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातील, बोर्ड फोडले जातील, आणि उरलेलं बरंचसं भांडेवाडीच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाईल. पर्यावरणावर संशोधन करणारी ‘नीरी’ याच शहरात १९५८ पासून आहे. धूर काय करतो हे शिकायला नागपूरकरांना लांब जावं लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी जुन्या उपकरणांची जबाबदारी ती बनवणाऱ्यांवर टाकली. ज्या यादीमुळे चांगलं चालणारं उपकरण कचरा ठरलं, तिच्या लेखकावर त्या नियमांत काही जबाबदारी नाही. ती असली पाहिजे, आणि हे मी दिल्लीलाही लिहिणार आहे.

तुझी वाट चुकवून जाण्याचा रस्ता आहे. रजिस्ट्रीत एक नोंद केली की विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवरही बसतं. तो उपाय एकेकाळी मायक्रोसॉफ्टनेच छापला होता आणि पुढे काढून टाकला. बर्डीवर तो आजही थोड्या पैशांत करून मिळतो. मी तो करत नाही आणि कामाच्या यंत्रावर कुणाला करू देत नाही. अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, दरवर्षीचं मोठं अपडेट हाताने ढकलावं लागतं, आणि २४एच२ पासून तर फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. आज चाललं म्हणून उद्या चालेल यावर मास्तरांची पेन्शन टांगून ठेवता येत नाही.

मग काय करतो ते ऐक. ज्याचं यंत्र खरोखर पात्र आहे आणि फक्त टीपीएम बायोसमध्ये बंद पडलंय, त्याला मी आधी ते चालू करून अकरा टाकायला सांगतो. अशीही बरीच यंत्रं आहेत आणि त्यांचे मालक उगाच नव्याच्या शोधात फिरतात. सीएच्या ऑफिसात टॅली आहे, तिथे विंडोजच लागतं. त्यांनी वाढीव आधाराचं वर्ष घ्यावं आणि तेवढ्या वेळात नव्या यंत्राचे पैसे बाजूला काढावेत. डीटीपीवाल्याचा डोंगल आणि जुने फॉन्ट यांना हात लावण्यात शहाणपण नाही. त्याच्या यंत्राची इंटरनेटची वायर काढायची, फाइल पेनड्राइव्हने न्यायची आणि तो पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या यंत्रावर तपासायचा. जुन्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर मात्र आत्ताच सुरू करावं, यंत्र मरायची वाट पाहू नये.

बाकीच्यांसाठी, म्हणजे ब्राउझर, पत्र, हिशेबाचा तक्ता आणि व्हिडिओ कॉल एवढ्यावर भागणाऱ्यांसाठी, लिनक्स मिंट. त्याची २२ वी आवृत्ती २०२९ च्या एप्रिलपर्यंत पॅच देणार आहे, ४ जीबी रॅममध्ये नीट चालते, आणि तुझं नावही विचारत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट की-बोर्ड मिळतो, लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करता येतात, कृतिदेवचा फॉन्ट टाकला की जुनी फाइलही वाचता येते. पेनड्राइव्हवरून न बसवता आधी चालवून पाहता येतं, आणि ते पाहिल्याशिवाय कुणी फॉरमॅट मारू नये. प्रिंटर आधी तपासावा; आपल्याकडे दुकानादुकानात असलेला कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर नखरे करतो. सेतू केंद्रवाल्याने अंगठ्याचं यंत्र आणि पोर्टल दोन्ही चालतात का हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर मुलांना शिकवताहेत. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली केव्हाच बनवली. विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत धूळ खात पडलेल्या संगणक-खोल्या याच मार्गाने पुन्हा उघडता येतील, आणि त्यासाठी नव्या खरेदीची निविदा लागणार नाही. लागेल तो एक शिकलेला शिक्षक आणि त्याला दोन दिवसांची मोकळीक.

तुझ्याकडून मला दोनच गोष्टी हव्या आहेत. ज्या यंत्रात टीपीएम २.० आणि यूईएफआय आहे त्या सहाव्या-सातव्या पिढीला दार उघड, किंवा चाचणीचे पिढीनिहाय आकडे जाहीर करून दाखव की ती का चालणार नाहीत. आणि वाढीव आधार युरोपला ज्या अटीवर दिला, त्याच अटीवर भारताला दे. यातलं काहीही करायला नवं तंत्रज्ञान शोधावं लागत नाही. वॉनाक्रायच्या वेळी, आधार संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीलाही पॅच दिला गेला होता.

सहाव्या पिढीच्या यंत्रावर, युनिकोडमध्ये, हे पत्र टाइप करणारा
एक नागपूरकर