केशवर्धन : नवशिक्या पुरुषांसाठी

केस वाढवायला कसलंही कौशल्य लागत नाही. ते आपोआप वाढतात, महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर. कौशल्य लागतं ते न कापायला, आणि इथे फक्त तेवढंच शिकवलं जाईल. तेल कोणतं लावावं हे विचारू नये; ते आत्या सांगेल, केस काप म्हणून सांगून झाल्यावर.

सुरुवात गटारीच्या दुसऱ्या दिवशी करावी. श्रावणात केस न कापणारे पुष्कळ असतात. त्यांच्यात तुम्ही खपून जाता, शिवाय ‘पोरगा श्रावण पाळतो’ म्हणून घरात भाव वधारतो. भाद्रपदातले गणपतीचे दिवस धोक्याचे, कारण पाहुणे येतात आणि फोटो निघतात. ते निभावले की पितृपक्ष, आणि त्याला लागून नवरात्र. दसऱ्यापर्यंत सत्तर दिवस होतात, म्हणजे घरच्यांच्या आशीर्वादाने इंचभर कमाई. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. तसा योग पुन्हा जुळला तर आणखी एक महिना पदरात. एरवीसाठी वार आहेतच. सोमवारी नको, शनिवारी नको, अमावास्येला नको, गुरुवारी घरात कुणाचा तरी उपास असतो. ‘नवस बोललोय’ ही युक्ती मात्र जपून वापरावी. आई लगेच ‘कुठल्या देवाचा?’ म्हणून विचारते, आणि नवस फेडायचा म्हणजे केस द्यावेच लागतात.

चौथ्या-पाचव्या महिन्यात केस कानांवर येतात. बांधायला पुरत नाहीत, मागे सारले तर राहत नाहीत. या काळात तुम्ही खरोखर वाईट दिसता. हे स्वतःशी मान्य करावं, इतरांशी करू नये. ‘झिपऱ्या’ हा शब्द इथपासून ऐकू येऊ लागतो. नोकरी गेली का, तब्येत बरी आहे ना, अशा चौकश्याही सुरू होतात. त्यानंतर केस खांद्याकडे सरकले की लोक तुमचा व्यवसाय ठरवायला घेतात. पुण्यात असाल तर नाटकात, मुंबईत असाल तर सिरियलमध्ये. तुम्ही जिल्हा बँकेत कर्जखात्यात आहात हे कळल्यावर समोरच्याला जी निराशा होते, तिची सवय करून घ्या. एसटीत मागून ‘ओ ताई, जरा पुढं सरका’ असं ऐकू आलं तर सरकावं आणि वळू नये. वळल्यावर कंडक्टरची जी अवस्था होते ती बघवत नाही.

आता मुख्य धडा. ‘केस काप’ असं तुम्हाला फार थोडे लोक सांगतील. त्यांना तोंड देणं सोपं आहे. अवघड असतात ते काळजीवाले. ‘उन्हाळ्यात घाम येत असेल ना रे?’ ‘चेहरा किती छान आहे तुझा, दिसतच नाही.’ ‘तुझं तू बघ बाबा, आम्ही कोण सांगणार, पण…’ या ‘पण’नंतर पंधरा मिनिटं जातात. आई यातलं काहीच बोलत नाही. ती कटिंगचे पैसे टीव्हीजवळ ठेवते आणि भाजी निवडायला बसते. बाथरूमची जाळी तुंबली की घरातल्या तिन्ही बायकांचे केस सोडून त्यात फक्त तुमचे सापडतात. वाद घालू नये. डोकं तुमचं असलं तरी त्याच्या सातबाऱ्यावर मामापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांची नावं लागलेली असतात, आणि हिस्सा सोडायला कुणीही तयार नसतं.

इतिहासाचा आधार घ्यावासा वाटेल. घ्या, पण उपयोग होत नाही. ज्या भिंतीखाली बसून काका तुम्हाला झापत असतात त्या भिंतीवर शिवाजी महाराज आहेत, ज्ञानेश्वर माउली आहेत, आणि दोघांचेही केस मानेखाली उतरलेले आहेत. तिकडे बोट दाखवलंत तर ‘आधी तेवढं कर्तृत्व दाखव’ हे उत्तर तयार असतं. कर्तृत्व आणि केस यांपैकी आधी काय येतं हे ज्ञानेश्वरांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मनातच ठेवावा. त्याहून बारीक मुद्दा असा, की काकांना जो बारीक कट संस्कारी वाटतो तोच एकेकाळी बंडखोरी होता. गोऱ्या साहेबाच्या वळणाचा ‘क्रॉप’ करून, शेंडी उडवून घरी आलेल्या पोराला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे ऐकावं लागे, जवळजवळ तेच तुम्ही आज ऐकताय. हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच तो ऐकून काका विषय बदलतात आणि धोनीवर येतात.

धोनीची तयारी करून ठेवा. २००६ साली लाहोरला सामना झाल्यावर जनरल मुशर्रफ यांनी भर समारंभात धोनीला केस कापू नकोस म्हणून सांगितलं होतं. लांब केसांच्या बाजूने राष्ट्राध्यक्ष बोलल्याचा असा दाखला दुसरा सापडणं कठीण, पण ते पाकिस्तानचे असल्यामुळे आपल्याकडे बाद ठरतात. शिवाय पुढच्याच वर्षी धोनीने केस कापले. ‘बघ, त्यालाही कळलं’ हे वाक्य येणारच.

निदान सिंगापूरचं बरं होतं. तिथे १९७०च्या दशकात सरकारने पाट्याच लावल्या होत्या, की लांब केसांच्या पुरुषांचं काम सगळ्यांत शेवटी होईल. लांब म्हणजे किती तेही चित्र काढून दाखवलं होतं: पुढून भुवयांपर्यंत, बाजूने कानांवर, मागून कॉलरखाली. अन्याय होता, पण मोजपट्टी होती. आपल्याकडे लांब म्हणजे मामांना खटकतील इतके.

स्थळं बघायला सुरुवात झाली की परीक्षेचा काळ येतो. बायोडेटावर लावायला कॉलेजातला फोटो शोधला जातो. ‘मुलीकडचे काय म्हणतील’ हे दिवसातून अनेकदा ऐकाल. मुलीकडचे म्हणजे मुलगी नव्हे. तिचं मत कुणी घेतलेलं नसतं. मुलीकडचे म्हणजे तिचे थोरले काका. गंमत अशी, की तिने बॉबकट केला तेव्हा याच काकांनी चार दिवस अबोला धरलेला असतो. एका घरात कापायचे नाहीत आणि दुसऱ्या घरात ठेवायचे नाहीत, एवढाच काय तो फरक.

इथे थोडं गंभीर व्हायला हरकत नाही. याच समाजात विधवांच्या डोक्यावरून जबरदस्तीने वस्तरा फिरत असे. १८९०च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी या कामाला नकार दिला, तेव्हा कुठे त्या हातांनी नाही म्हणायला सुरुवात केली. ते आठवलं की आपला त्रास किती फुटकळ आहे ते कळतं, आणि हुतात्म्याचा चेहरा करून जेवायला बसायची लाज वाटते. साधा चेहरा करून बसा. केस मात्र बांधा. आमटीत एक जरी गेला तर वर्षभराची मेहनत संपली.

आता राहिलं सलून. लांब केसांची टोकंही अधूनमधून कापावी लागतात आणि घात तिथेच होतो. गल्लीतल्या सलूनमध्ये कदापि जाऊ नये. त्या मालकाने तुमचं जावळ काढलेलं असतं, तुमच्या वडिलांची दाढी तो रविवारी करतो, आणि दोघांत बोलणं झालेलं असतं. तुम्ही बोटाचं पेर दाखवून ‘एवढेच’ म्हणाल, कारागीर मान हलवेल, मानेभोवती कापड घट्ट बांधेल, आणि मग मालक आतून म्हणेल, ‘मशीन आण रे.’ वडील ज्या भागात कधी फिरकत नाहीत तिथलं सलून निवडा. जाताना घरी किराणा आणायला चाललोय म्हणून सांगा, आणि येताना खरंच आणा.