वेळशुद्ध गृहस्थ

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणी जिल्ह्यात कधी अभिमानाने, तर बहुधा थट्टेने उच्चारली जात असली, तरी तिच्यातील जर्मन काटेकोरपणा शब्दशः अंगी बाणवलेला एक गृहस्थवर्ग जिंतूर-सेलूपासून गंगाखेडपर्यंत तुरळक आढळतो. घरच्या संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या अंशापर्यंत बिनचूक ठेवणे हे त्याचे मुख्य लक्षण, आणि वेळेवर कोठेही जावयाचे नसणे, म्हणजेच सेवानिवृत्ती, हे दुय्यम लक्षण होय.

बंद संगणकातील घड्याळ बटणाएवढ्या सेलवर आणि सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालते, आणि मे महिन्याच्या उन्हात या स्फटिकाची चाल मंदावून दिवसाकाठी सेकंदभराची चूक सहज पडू शकते, एवढ्या माहितीवर या गृहस्थाची झोप उडते. त्यावरील उतारा म्हणजे एनटीपी, अर्थात इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची, डेव्हिड मिल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1985 मध्ये मांडलेली पद्धत. तीत संगणक सर्व्हरकडे वेळेची पृच्छा करतो, जाण्यायेण्यास लागलेला काळ मोजतो आणि त्याचा निम्मा भाग आलेल्या उत्तरात मिळवतो. भारतीय प्रमाणवेळ राखणारी अणुघड्याळे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत असून, आपला संगणक अशा घड्याळापासून कितव्या पायरीवर आहे, हे तो पाहुण्यांस गोत्र सांगावे तशा गांभीर्याने सांगतो.

रोज सकाळी चहाची बशी माऊसशेजारी ठेवून तो ‘सिंक नाऊ’ दाबतो आणि समाधानाने मान डोलावतो. मात्र त्याचे घर चालते ते स्वयंपाकघरातील, गृहिणीने मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेल्या घड्याळावर. देवगिरी एक्सप्रेसचे तत्काळ तिकीट काढावयास शेजारी येतात, तेव्हा आपल्या साधनेचे चीज झाले असे त्यास वाटते, परंतु वातानुकूलित डब्यांचे आरक्षण दहाला उघडते ते रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे, आणि ते घड्याळ संकेतस्थळावर सर्वांनाच फुकट दिसत असते.

त्यातून भारतीय प्रमाणवेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून, तर परभणी सुमारे पावणेसत्त्याहत्तर अंशांवर आहे. सूर्यास एक अंश सरकण्यास चार मिनिटे लागत असल्याने येथील सौरवेळ सरासरी 23 मिनिटे मागे पडते, आणि पाचच्या कार्यक्रमास साडेपाचला उगवणारा पाहुणा सूर्याच्या हिशेबाने जेमतेम सात मिनिटेच उशिरा आलेला असतो.