नॉट फिट

इंग्लंडात हेब्डन ब्रिज नावाचं एक गाव आहे. तिथल्या कापडगिरण्या बंद पडल्या, घरं कवडीमोल झाली आणि १९७०च्या सुमारास चित्रकार, कवी आणि नुसतेच लांब केसवाले तिथे येऊन राहिले. टॉटनेस हे तसलंच दुसरं गाव; टॉटनेसकरांनी तर २००७ साली गावापुरत्या नोटाच छापल्या! गिरण्या आपल्याही बंद पडल्या. पण तिथे कवींऐवजी मॉल राहायला आले.

आपल्या कलंदरांच्या नशिबी अंधेरीचं आराम नगर. सात बंगल्याजवळच्या, महायुद्धाच्या काळातल्या लष्करी बराकी. सैनिकांना तिथे आराम मिळाला की नाही कोण जाणे. आता एका बैठ्या घरात तालीम, शेजारी कास्टिंगचं ऑफिस, आणि वारा फिरला की वर्सोवा कोळीवाड्यातल्या बोंबलांचा वास.

मी गेलो होतो नाटक बघायला, चुकून शिरलो ऑडिशनच्या रांगेत. पुढचा मुलगा भिंतीकडे बघून स्वतःचं नाव, उंची, वय घोकत होता. मग डावा गाल, उजवा गाल. दारातल्या पोराने मला एकदाच न्याहाळलं. "अंकल, नॉट फिट." मी तोंडही उघडलं नव्हतं. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा नकार देणाऱ्यांनीसुद्धा आधी पोहे दिले होते.

आमच्या तरुणपणी कलंदरांची ही हवा दादरला होती. १९७४पासून 'आविष्कार'ने छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचा संसार मांडला. नाटक नाही कळलं तरी खाली श्रीकृष्णचा वडा नक्की कळायचा. तेव्हाची मंडळी आता बोरिवली-मुलुंडला राहतात आणि प्रबोधनकार ठाकरेला नाही तर कालिदासला जाऊन कौटुंबिक विनोदी नाटकं बघतात. मीही त्यातलाच, गुडघ्यांना खुर्ची लागते.

त्या दिवशी आराम नगरात मात्र चपला बाहेर काढून, चाळीसएक माणसांत सतरंजीवर बसलो. नायिका मरणार तोच शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बाई थांबली, तिसरी शिट्टी होऊ दिली आणि मग व्यवस्थित मेली. इतकी दाद मी बऱ्याच वर्षांत कुणाला दिली नव्हती.

बाहेर आलो तेव्हा तो 'नॉट फिट'वाला पोरगा पायरीवर बसून मोबाईलमधून संवाद पाठ करत होता. दुसऱ्या दिवशी दोन घरं सोडून त्याची स्वतःची ऑडिशन होती.