दोन रिंगा

पोचलास-काका प्रत्येक सोसायटीत एक असतोच. गोरेगावच्या एका जुन्या बिल्डिंगीतले काका पहिल्या मजल्यावर राहतात. पाहुणा चपला घालायला वाकला की हे दारात हजर: "पोचलास की फोन कर." पाहुणा समोरच्या विंगेतला असला तरी. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना उतरणाऱ्यालाही त्यांनी हे बजावलेलं आहे. भाचीच्या पाठवणीला सगळे डोळे पुसत होते, तेव्हा काका नव्या जावयाला कोपऱ्यात घेऊन लग्नपत्रिकेच्या मागे आपला नंबर लिहून देत होते.

मुलगी आता अमेरिकेत असते. ती निघाली की काका मोबाइलवर तिच्या विमानाच्या मागावर. "काळ्या समुद्रावर आलीय," असं ते मध्यरात्री काकूंना उठवून सांगतात. विमान टेकलं की पहिला फोन यांचाच: "अगं, उतरलीस बरं का तू!" तिने अजून पट्टाही सोडलेला नसतो.

या वेडाला शिस्त आली ती लँडलाइनच्या काळात. इष्ट स्थळी पोचलं की बूथवरून घरी दोन रिंगा द्यायच्या आणि फोन ठेवायचा. घरच्यांनी तो उचलायचा नाही. निरोप पोचतो, रुपया वाचतो. तीन रिंगा म्हणजे गाडी चुकली, उशीर होईल. एकदा काकूंनी सवयीने दुसऱ्याच रिंगेला फोन उचलला, तर रात्री पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत त्यांना काटकसरीवर व्याख्यान ऐकावं लागलं.

आणि मग 26 जुलै 2005 उजाडला. मंगळवार.

काकांचं ऑफिस फोर्टात. कुलाब्याला त्या चोवीस तासांत पाऊस पडला 73 मिलिमीटर, म्हणजे मुंबईकर ज्याला पाऊस म्हणतही नाही तेवढा. सांताक्रूझला 944. उपनगरातून कुणाचा फोन आला तर फोर्टातले लोक "काहीतरीच काय," म्हणत चहा मागवत होते. काका मात्र दुपारीच छत्री घेऊन उठले. मुलगी सोळा वर्षांची, पार्ल्याच्या कॉलेजात अकरावीला. लोकल बंद, मोबाइल लागेनात, घरचा फोन नुसता कुंई-कुंई करत होता. काका चालायला लागले. चर्चगेट ते गोरेगाव पंचवीसेक किलोमीटर, आणि मध्ये पात्र सोडून रस्त्यावर आलेली मिठी नदी.

एरवी त्यांच्या घाबरटपणाला बिल्डिंग हसायची. त्या पावसात मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. काही तर गाडीच्या काचा उघडेनात म्हणून आतच गुदमरली.

रात्री उपनगरात वीज नव्हती. काकू अंधारात फोनपाशी बसून होत्या. दहाच्या सुमाराला फोन वाजला. एक रिंग. काकूंचा हात रिसीव्हरवर. दुसरी रिंग. हात तसाच. फोन बंद.

पोरगी बापाचीच! मैत्रिणीच्या आत्याच्या घरी, पार्ल्यात दुसऱ्या मजल्यावर, कोरड्या कपड्यांत पिठलं-भात खाऊन तिने शिस्तीत दोन रिंगा दिल्या होत्या. पोचली, एवढं काकूंना कळलं. कुठे, हे विचारायची सोय काकांच्या शास्त्रात नव्हती. आणि तिकडे कमरेएवढ्या पाण्यात चालणाऱ्या बापाला तेवढंही कळलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी फोन पुन्हा दोनदा वाजला. मग पुन्हा. दुपारपर्यंत पाच-सहा वेळा. एकच मुलगी इतक्या ठिकाणी पोचतेय तरी कुठे, या विचाराने काकू रडकुंडीला आल्या.

दुपारी काका आले, चिखलाने माखलेले, एका पायात चप्पल. त्यांच्यामागून तासाभरात मुलगीही आली, तीही आत्याबाईंची कोरी छत्री घेऊन. बापलेकीची भेट पाहायला जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांची निराशा झाली, काका एवढंच म्हणाले, "आत्याबाईंना दोन रिंगा दे, पोचलीस म्हणून."

फोन संध्याकाळपर्यंत वाजतच होता. शेवटी काकूंचा संयम सुटला. दुसऱ्या रिंगेला त्यांनी रिसीव्हर उचलला आणि ओरडल्या, "कोण आहे?"

पलीकडे एक अनोळखी बाई. भाईंदरची. रात्री माहीमपासून दोरीला धरून सगळे बरोबर चालत होते, म्हणाली. काकांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला नंबर पाठ करायला लावला होता. "मी पोचले म्हणून सांगा त्यांना. आणि त्यांची मुलगी सापडली का हो? रात्रभर तेच चाललं होतं त्यांचं."

काकूंना बोलवेना. त्यांनी रिसीव्हर मुलीच्या हातात दिला. ती "हो, पोचले मी," म्हणत होती, एवढ्यात आतल्या खोलीतून, पाय गरम पाण्यात सोडून बसलेल्या काकांचा आवाज आला:

"उचललात ना फोन? गेला त्या बिचारीचा रुपया!"