खड्डा पाहायला जर्मनी

आमच्या भूगोलाच्या सरांचा सगळा विषय एसटीच्या खिडकीतून शिकवून व्हायचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजची सहल दुसरीकडे जाणार तरी कुठे? लोणार. काठावर उभं करून सर म्हणत, "बेसाल्टमधलं उल्काविवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. लिहा." आम्ही लिहायचो. स्मिथसोनियनच्या आणि आपल्या भूवैज्ञानिकांनी तळ पोखरून ते उल्केचंच असल्याचे पुरावे काढले, 1973 साली ते छापूनही आले. ही माहिती सर अशा थाटात देत, जणू ड्रिल त्यांनीच धरलं होतं. वय ते पन्नास हजार वर्षं सांगायचे. पुढे 2011 मध्ये आर्गॉनच्या मोजणीतून ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात गेलं. आमचे मार्क मात्र कुणी वाढवले नाहीत. सहलीच्या अहवालात सरोवराला अर्धं पान मिळालं, परतीच्या वाटेवरच्या शेगाव कचोरीला दीड.

आता पुतण्या पुण्याला भूशास्त्र शिकतो. त्याच्या कॉलेजात एक कोर्स परदेशवारीतून शिकवतात. दहा दिवस जर्मनी, दोन क्रेडिट. फीचा आकडा वाचून दादांनी आधी सोयाबीनचा भाव विचारला.

"तिथं पाहाणार काय?" आईनं विचारलं.

"नॉर्डलिंगेन, आजी. अख्खं गाव उल्केच्या विवरात वसलंय. 24 किलोमीटरचं विवर! 1970 साली अपोलो 14 चे अंतराळवीर तिथं दगड ओळखायला शिकले."

"खड्डा पाहाले इतक्या दूर? आपल्या लोणारले काय झालं?"

"लोणारला क्रेडिट नाही, आजी."

यावर बोलणं खुंटलं. चंद्रावरच्यासारखाच बेसाल्ट आपल्या विवरात, आणि अंतराळवीर मात्र बव्हेरियात! बरं, आपलं सरोवर प्रसिद्धीला मागे आहे असंही नाही. जून 2020 मध्ये मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं आणि जगभर झळकलं. त्याच वर्षी रामसर यादीतही गेलं. फक्त तेव्हा टाळेबंदी होती, सहली बंद होत्या. विद्यार्थी नसताना सरोवराला रंग चढला, यातून शिक्षणखात्यानं काय घ्यायचं ते घ्यावं.

पुतण्या गेला. चौथ्या दिवशी रात्री फोन.

"काका, लोणारच्या पाण्याचा पीएच किती? आणि कमळजा देवीच्या देवळापर्यंत खाली उतरायला किती वेळ लागतो?"

"दहाच्या आसपास. पण तू का विचारतोयस?"

"इथल्या प्राध्यापकांना कळलं मी बुलढाण्याचा. तेव्हापासून नॉर्डलिंगेन बाजूलाच राहिलं, सगळे लोणारचंच विचारतायत. त्यांना हिवाळ्यात विद्यार्थी घेऊन यायचंय. आपल्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत ना?"

दादा शेजारीच बसले होते. त्यांनी युरोचा भाव विचारला.